सत्तर किलोंची घट

वाशीम स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि फलाटावरचं लोखंडी बाकडं आतापासूनच चटका देत होतं. एप्रिलातलं वऱ्हाड काय असतं हे मी फक्त ऐकून होतो. सोलापूरहून दोन गाड्या बदलून आलो होतो. अनसिंगला जाणाऱ्या काळीपिवळीच्या टपावर माझी बॅग चढवताना गाडीवाला कळवळला.

"दगडं भरले का भाऊ हिच्यात?"

दगड नव्हते, पत्रकं होती. आमच्या घरी माझे वडील छापखाना चालवतात आणि मी मुळाक्षरं शाळेच्या आधी पत्रकांवर शिकलो. पगार, पाळी, हक्क, मागणी हे माझे पहिले शब्द. आता मीच पत्रकं लिहितो. या वेळचं पत्रक लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांवर होतं. 'देशाचा भार तुमच्या खांद्यावर, मोबदला कुणाच्या खिशात?' असा मथळा होता. वाटेत ढाब्याढाब्यावर ते वाटायचं आणि एका चालकाबरोबर पूर्ण खेप करून या कामाचे पैसे कामाच्या मानानं मिळतात का, हे डोळ्यांनी पाहून तुम्हाला लिहून कळवायचं, असा बेत होता.

देविदासभाऊ हे माझ्या एका मित्राच्या नात्यातले. वय पंचेचाळीसच्या आसपास, तेवीस वर्षं ट्रक चालवतात. अनसिंगला त्यांच्या घरी पोचलो तर ते नव्हतेच. आदल्या दिवशीच केनवडला हळद भरायला गेले होते. दारात त्यांच्या पत्नी, कांतावहिनी, वांगी निवडत होत्या. शेजारी भाजीबाजारात न्यायचा, अख्खं पोतं तोलणारा वजनकाटा, पत्र्याच्या ताटाचा. घरामागं अर्ध्या एकरात वांगी आणि मेथी, पण पानं माना टाकून होती.

"मोटार जळली इहिरीवरची," वहिनी म्हणाल्या. "वाशीमवाला म्हणते भरून देतो (म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून देतो), पण साडेपाच हजार पाह्यजे. खेपेचे सात हजार आले का पहिले मोटार. तोवर मी डोक्यावर पाणी आणून जेवढे जगतीन तेवढे जगवतो."

त्यांनी दोन भाकरी, ठेचा आणि बेसन (आपल्याकडचं पिठलं) बांधून माझ्या हातात दिलं. "त्याईले सांगजा, वांगे वाट पाहून राह्यले."

केनवडच्या गोदामासमोर अकरा ट्रक रांगेत उभे होते. देविदासभाऊ आपल्या गाडीच्या सावलीत, दोन चाकांच्या मधे सतरंजी टाकून पडले होते. मी ओळख सांगितली. त्यांनी आधी डबा घेतला, मग मला.

"काल सकाळी गाडी रिकामी काट्यावर चढवली, वजन केलं, तवापासून नंबरच नाई," ते म्हणाले. "हमाल कमी, माल जास्त."

"मग या थांबण्याचे पैसे?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं एखादं लहान मूल चंद्र मागतं तेव्हा आपण पाहतो. "थांबाचे कोण पैसे देते बाप्पा? गाडी चाल्ली तं खेप. सात हजार जाऊन-येऊन, खाणं आपलंच."

जाऊन-येऊन म्हणजे केनवडहून आग्र्याच्या अलीकडच्या एका मसाला कारखान्यापर्यंत आणि तिथून परतीचा माल घेऊन पुन्हा इकडे. मी वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं होतं, धक्का बसायला मध्य प्रदेशापर्यंत तरी जावं लागेल. तो केनवडलाच, चाकाच्या सावलीत बसला.

"क्लीनर कुठं आहे?" मी विचारलं.

"तुमीच," शेजारच्या गाडीचा चालक मधेच बोलला आणि दोघं खो खो हसले. क्लीनर आता कुणालाच परवडत नाही, मालकालाही नाही, चालकालाही नाही. म्हणजे रस्ता पाहायचा, मागं घेताना उतरून बघायचं, ताडपत्री ओढायची, टायर बदलायचा, सगळं एकाच माणसानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंबर लागला. हमालांच्या पाठी, केस, पापण्या, सगळं पिवळं. हवेत हळद इतकी की थुंकीसुद्धा पिवळी पडली. पोती चढली, मग देविदासभाऊ एकटे वर चढून ताडपत्री बांधू लागले. मीही दोर ओढायला गेलो आणि तळहाताची साल काढून घेतली. "राहू द्या," ते वरून म्हणाले, "लिव्हाचा हात हाय तो."

भरलेली गाडी आता काट्यावर न्यायची होती. ट्रकच्या मालाचं वजन सोपं असतं: आधी रिकामी गाडी काट्यावर, मग भरलेली, आणि दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. मी केबिनमध्ये चढलो होतो, बॅग पायाशी होती, आणि माझा मुद्दा रंगात आला होता. चालकाचा वेळ हे श्रमच आहेत, रांगेत झोपलेला चालकही कामावरच असतो, असं मी सांगत होतो.

"भाऊ, जरा उतरता का, काट्यावर घेऊन राह्यलो," ते म्हणाले.

"एवढं एकच सांगा," मी म्हणालो, "तुम्ही कधी मालकाला हे बोलून दाखवलंत का?"

त्यांनी मागं पाहिलं. मागची गाडी हॉर्न देत होती. पाहुण्याला दुसऱ्यांदा उतरा म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. "बोलून काय होते," असं म्हणत त्यांनी गाडी पुढं घेतली. काटेवाल्यानं खिडकीतून पावती दिली. आम्ही निघालो.

मालेगाव, शेलूबाजार, मग कारंजा. समृद्धी महामार्ग जवळच होता, पण टोल मालकाला भारी पडतो म्हणून आमची गाडी जुन्या रस्त्यानं. केबिनचा पत्रा इतका तापलेला की देविदासभाऊ स्टिअरिंगला ओलं फडकं गुंडाळून ठेवत होते. मी माझं पत्रक त्यांना दिलं. त्यांनी शेलूबाजारच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मथळा मोठ्यानं वाचला.

"देशाचा भार तुमच्या खांद्यावर," ते म्हणाले. "भार तं टायरवर असते भाऊ. खांद्यावर काय, गमछा."

धनजच्या अलीकडे एका निंबाखाली त्यांनी गाडी उभी केली आणि लघवीला गेले. ते गेले तोच त्यांचा फोन वाजला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. ते धावत आले, एका हातानं पँट सावरत.

"हाव शेठ. नाई शेठ, निंघालोच. पाणी सोडाले थांबलो होतो शेठ."

गाडीत मालकानं यंत्र बसवलं आहे. गाडी कुठं आहे आणि किती मिनिटं थांबली, हे त्याला वाशीमला बसून मोबाईलवर दिसतं. गिरणीत पाण्याला जायला मुकादमाची परवानगी लागायची, हे मी वडिलांच्या जुन्या पत्रकांत वाचलं होतं आणि तो काळ संपला असं समजत होतो. इथं मुकादम उपग्रहात बसला होता.

"तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं.

"येते ना. अन रागात गाडी मारली का टायर फुटते. मंग टायरही आपलाच."

अमरावती ओलांडून आम्ही उत्तरेला लागलो. पुढचे तीन दिवस मी तुम्हाला तपशीलवार सांगत नाही. गाडी चालली, थांबली, चालली. ढाब्यांवर मी पत्रकं वाटायला गेलो, पण ती मराठी आणि ढाबे हिंदी, तेव्हा बहुतेक गठ्ठा बॅगेतच राहिला. देविदासभाऊ दिवसातून चार तास झोपत. उरलेल्या वेळात ते माझ्याशी बोलत, कारण बोललं नाही तर डोळा लागतो. मला वाटत होतं मी त्यांची मुलाखत घेतोय. खरं तर ते माझा उपयोग करून जागे राहत होते, आणि केनवडला मला क्लीनर म्हटलं गेलं ते काही चूक नव्हतं.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदारानं मला पाहिलं. "बाहर का आदमी अंदर नहीं." मी बॅग पाठीला लावून उतरलो आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. गाडी आत गेली. सकाळी आठला गेलेली गाडी दुपारी चारला बाहेर आली. देविदासभाऊंचा चेहरा उतरलेला होता.

"सत्तर किलोची घट निंघाली."

घट म्हणजे निघालेला माल आणि पोचलेला माल यांतली तूट. पोती मोजली, सगळी होती. शिवण एकाही पोत्याची उसवलेली नव्हती. तरीही वजन सत्तर किलो कमी. वीस किलोंची सूट असते. वरचे पन्नास किलो हळदीच्या भावानं, किलोला एकशे तीस रुपयांनी, चालकाच्या खेपेतून कापायचे, अशी रीत.

"चालकाच्या? मालकाच्या नाही?"

"मालकाच्या भाड्यातून व्यापारी कापते, अन मालक माह्या खेपेतून. शेवटी खालचाच राह्यते." ते थांबले. "आतला दिवाणजी म्हणते, पारखी मारली म्हणून." पारखी म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची अणकुचीदार नळी. पोतं न उघडता थोडा थोडा माल काढायचा तोच रस्ता. "तेवीस वर्षांत माह्यावर कोनं पारखीचा आळ घेतला नव्हता."

मी उठलोच. मी आत जाणार होतो, पावत्या मागणार होतो, फेरवजन मागणार होतो. मी केनवडपासून या गाडीत होतो! एक दाणा हलला नव्हता, याचा मी साक्षीदार होतो! देविदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, मग माझ्या पाठीवरच्या बॅगेकडे, पुन्हा माझ्याकडे. मग ते एकदाच, कसंनुसं हसले आणि त्यांनी माझं कोपर धरलं.

"चाला."

"पण भाऊ, हा अन्याय आहे."

"हाय. चाला."

परतीचे आलू (बटाटे) मिळायला दीड दिवस गेला. भरलेली गाडी काट्यावर न्यायच्या बऱ्याच अलीकडे त्यांनी मला उतरवलं, बॅगेसकट, आणि या वेळी विचारलं नाही, सांगितलं. मला वाटलं माझ्यावर चिडलेत. वाटेतही ते फारसे बोलले नाहीत. जागं राहायला त्यांनी तोंडात मिरे धरले.

दहाव्या दिवशी आलू अकोल्याला उतरवून आम्ही वाशीमला मालकाच्या कचेरीत पोचलो. दोन खुर्च्या, एक पंखा आणि भिंतीवर गाड्यांचे ठिपके दाखवणारा पडदा. शेठ साठीचे, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला लिंबूपाणी दिलं आणि देविदासभाऊंच्या हातात पाचशेची एक नोट ठेवली.

एक नोट. दहा दिवस, दोन हजार किलोमीटर, एक नोट. माझ्या डोळ्यांपुढं माना टाकलेली वांगी आली.

"शेठ, ही मजुरी आहे की थट्टा?" मी म्हणालो.

"हे कोण?" शेठनं देविदासभाऊंना विचारलं.

"गावचे पाव्हने. वाटेत भेटले, आले सहज."

"पाव्हने, माल कमी तं पैसे कमी. मलेही व्यापाऱ्यानं कापले. मी का घरून देऊ?" शेठ खरोखरच दुखावले होते. "अन देविदास जुना माणूस हाय म्हणून गाडीवर ठेवला. दुसरा असता तं पारखीच्या आळानंतर चावी काढून घेतली असती."

"पण चोरी झालीच नाही! मी सांगतो ना, मी स्वतः पूर्ण वेळ—"

माझ्या पावलावर जबरदस्त वजन पडलं. देविदासभाऊंचा बूट होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "निंघतो शेठ," ते म्हणाले, आणि मला जवळजवळ ओढत बाहेर घेऊन आले. अनसिंगपर्यंत रागारागानं मनात मी पत्रक लिहीत होतो, आणि त्यात पहिल्यांदाच चालकांवरही एक परिच्छेद होता: अन्याय मुकाट गिळणारे.

कांतावहिनी अंगणातच होत्या. जवळजवळ निम्मी वांगी वाळून काड्या झाली होती. उरलेल्यांची तोडणी करून त्या बाजारासाठी वजन करत होत्या. देविदासभाऊंनी नोट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून पाहिली, जणू मागच्या बाजूला बाकीचे पैसे असतील.

"अन बाकीचे?"

"सत्तर किलो घट आली."

"घट? हळदीले? हळद का बर्फ हाय?"

देविदासभाऊ विहिरीच्या कठड्यावर टेकले. "भाऊ," ते मला म्हणाले, "त्या काट्यावर उभे राहा बरं जरा."

मला वाटलं थट्टा आहे. मी ताटावर उभा राहिलो. वहिनी वाकून पाहू लागल्या. "एकसष्ट."

"आता बॅग घ्या."

मी बॅग पाठीला लावली. वहिनींनी आकडा पाहिला आणि त्या बाजूला सरकल्या. मी खाली वाकून स्वतः पाहिलं.

सत्तर.

केनवडच्या काट्यावर रिकामी गाडी चढली तेव्हा मी अनसिंगच्याही वाटेवर नव्हतो. भरलेली चढली तेव्हा मी केबिनमध्ये बसून श्रमाच्या मोलावर बोलत होतो. पावतीवर मी हळद म्हणून लिहिला गेलो होतो. आग्र्याला फाटकावर उतरलो तेव्हा सत्तर किलो हळद गाडीतून उतरून चहाच्या टपरीवर बसली होती. नऊ किलो तर ती पत्रकंच.

मी ताटावरून उतरलो आणि तसाच खाली बसलो.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिथंच. तुमी बॅग घेऊन उठले तवा."

"मग बोलला का नाहीत? फेरवजन झालं असतं, आळ गेला असता!"

"अन काय सांगू? केबिनमधी पाशिंजर बसवला होता म्हणून? मालाच्या गाडीत माणूस बसवनं गुन्हा हाय. शेठनं पहिल्याच दिवशी बजावलं, एक माणूस दिसला तं चावी ठेवून जायची. घट आली तं खेप जाते. पाशिंजर निंघाला तं गाडी जाते." त्यांनी गमछानं तोंड पुसलं. "अन तुमी तिथं शेठसमोर सांगालेच निंघाले होते. पाय दुखला का लय?"

मी सांगेन म्हणालो, शेठला सगळं सांगेन, दोष माझ्यावर घेईन. ते नुसते मान हलवत राहिले. खरं बोलण्याची किंमतही त्यांनाच भरावी लागणार होती. शेवटी मी म्हणालो, माझ्या फोनमध्ये पुढच्या पत्रकाच्या कागदासाठी ठेवलेले सहा हजार आहेत, ते घ्या.

"राहू द्या, राहू द्या," देविदासभाऊ म्हणाले. "पाव्हन्याकडून घेत असतात का?"

"काहून नाई?" कांतावहिनी उसळल्या. "तुमी राहू द्या म्हणान, वांगे नाई म्हणत!" त्यांनी काट्याच्या पेटीतून भाजीबाजारात ठेवायचा तो चौकटीचा फलक काढला, ज्यावर फोन धरला की पैसे जातात, आणि माझ्या नाकासमोर धरला. "भाऊ, तुमचं बोलनं लय चांगलं हाय. पण त्याच्यानं मोटार नाई भरत."

"थांब व," देविदासभाऊ म्हणाले. "पत्रकाचे नऊ किलो काप त्याच्यातून. ते माह्याचसाठी लिव्हले होते ना."

त्या हसल्या नाहीत, पण नऊ किलो कापून आकडा सांगितला. तो मी भरला. दुसऱ्या दिवशी जळलेली मोटार पोत्यात बांधून देविदासभाऊ आणि मी काळीपिवळीतून वाशीमला नेली. ती माझ्या मांडीवर होती. गाडीवाला तोच होता. "आता तं खरंच दगड हाय का?" त्यानं विचारलं.

सोलापूरला येऊन आठवडा झाला. कागदाचे पैसे नाहीत, तेव्हा या महिन्यात पत्रक नाही. हा लेखच त्याच्या जागी समजा. वडिलांनी विचारलं, परवडतं का मग त्यांना ते काम? मी म्हणालो, दहा दिवसांचे सात हजार कमी आहेत हे तर कुणीही सांगेल. मला हादरवलं ते वेगळंच. ती मजुरी इतकी पातळ आहे, की तिला एका पाहुण्याचंही वजन पेलत नाही. शिष्टाचार म्हणून एखाद्याला दुसऱ्यांदा 'उतरा' म्हटलं नाही, तर महिन्याचा तिसरा हिस्सा जातो, आणि वर चोर ठरायचं ते निराळं.

काल देविदासभाऊंचा फोन आला. आधी नुसता घरघराट ऐकू आला, मग पाण्याचा आवाज. "ऐकलं का? मोटार!" ते ओरडून म्हणाले. "पुढच्या खेपेले येता का? फकत काट्याच्या अलीकडेच उतरा."

पैसे मी बऱ्यापैकी फेडले. पारखीचा आळ मात्र मला फेडता येत नाही. शेठच्या लेखी तो माणूस अजून चोरच आहे, आणि ते पुसणारं एकच वाक्य मला बोलायला बंदी आहे. म्हणून वडिलांनी शिकवलेला नियम मी आयुष्यात पहिल्यांदा मोडतो आहे. खरी नावं छापायला घाबरायचं नाही, असा तो नियम. या लेखात देविदासभाऊंचं नाव देविदास नाही, कांतावहिनींचं कांता नाही. सत्तर किलो तेवढे खरे आहेत.